विषय सोडून बोललेलं

दिवाळी झाली आणि आबा धारूरच्या डोंगरात घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं. भाऊ परळीला थर्मलमध्ये कामाला, त्याला रजा मिळेना. वस्तीतली निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली, त्यामुळे मेंढरांमागे पाठवायला माणूस सापडेना. शेवटी पुण्याहून मी आले. बर्मी आणि तिच्या भाईबंद भाषांचा अभ्यास करणारी, चाळिशीला टेकलेली बाई काठी घेऊन मेंढरांमागे निघाली म्हटल्यावर चेष्टा होणारच. "ताई, मेंढरास्नी चिनी शिकवायलीस का काय?" असं शेजारच्या वस्तीवरच्या एका मेंढक्याने विचारलं. चिनी नव्हे, चिन. आणि चिन लोक चीनमध्ये नाही, ब्रह्मदेशाच्या डोंगरात राहतात, असं मी त्याला नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने तेच परत विचारलं.

मला एका जागी बसवत नाही. हा माझा लहानपणापासूनचा रोग आहे. मेंढरं चरत असतात तेवढा वेळ राखणाऱ्याने नुसतं असायचं असतं, आणि तेच मला जमत नाही. मी सीताफळीच्या झुडपांमधून येरझाऱ्या घालायची, वही उघडायची, मिटायची, किल्ल्याच्या अलीकडच्या टेकाडावर चढून फोनला रेंज आली का बघायची. आमच्या वस्तीवर रेंज नाही. टेकाडावर एक सपाट खडक आहे, तिथेच काय ती दोन काड्या येते. मेंढरंसुद्धा माझ्यामुळे अस्वस्थ होतात, अशी मायची तक्रार होती.

त्या खडकावर मला तो निरोप मिळाला. मिझोरमच्या सीमेवरच्या गावातून, बर्मी लिपीत लिहिलेला. पी गेली होती.

पी म्हणजे आजी. तिच्या भाषेत आजीला पी म्हणतात, आणि मीही तिला तेच म्हणायची. ब्रह्मदेशात गडबड सुरू झाली तेव्हा पी आणि तिची नात नदी ओलांडून अलीकडे आल्या होत्या. बांबूच्या आणि ताडपत्रीच्या घरात राहत होत्या. मी दोन हिवाळे तिच्याकडून तिची भाषा उतरवून घेतली. नात तिथल्या मुलांना शिकवायची. आमच्या दोघींच्या सोयीची भाषा बर्मी, म्हणून ती मला बर्मीत लिहायची.

निरोप मोठा नव्हता. ताप आला, चार दिवसांत आजी गेली. पंधरा दिवसांनी रविवारी तिच्या नावाचा दगड उभा करणार आहेत. त्यांच्यात तशी रीत आहे. सगळे नातेवाईक जमतात, जेवण होतं. मग पुढे तिने लिहिलं होतं: "आजीचा आवाज आमच्यापैकी कुणाकडेच नाही. जुना फोन नदीपलीकडे राहिला. तुमच्याकडे ती दोन हिवाळे बोलली. त्यातलं थोडं पाठवा. दगड उभा करताना सगळ्यांना ऐकवायचं आहे. ती बोलते आहे असं काहीही चालेल."

मी लगेच "पाठवते" असं लिहून टाकलं. लिहिल्यावर लक्षात आलं. माझ्याकडे पीचा आवाज होता, पण ती बोलते आहे असं काहीही नव्हतं.

हे सांगायचं तर आमच्या धंद्याची रीत सांगावी लागेल. पीची भाषा सुरांची आहे. एकच शब्द वरच्या सुरात म्हटला तर एक, खाली आणला तर भलतंच. म्हणून बोलणाऱ्याकडून प्रत्येक शब्द तीन वेळा म्हणवून घ्यायचा. पहिल्यांदा माणूस चाचपडत, विचारल्यासारखा म्हणतो. तिसऱ्यांदा आता संपलं म्हणून आवाज टाकून देतो. मधला उच्चार सरळ येतो. मापायचा, जपायचा, तो मधला. डोळा, डोळा, डोळा. मीठ, मीठ, मीठ. त्यातलं मधलं मीठ माझं.

पीला याची गंमत वाटायची आणि रागही यायचा. "पहिल्यांदा सांगितलेलं तुला पटत नाही का?" ती म्हणायची. एकदा म्हणाली, "तिसऱ्यांदा मी म्हणते तेव्हा तू ऐकतच नाहीस. वहीत बघतेस." खरंच होतं ते. मी पुढचा शब्द शोधत असायची. आणि तिला एका शब्दावरून दुसरं काही आठवायचं. चुलीचा शब्द विचारला की ती घराबद्दल बोलू लागायची, डुकराचा विचारला की कुठल्याशा लग्नातल्या जेवणाबद्दल. डुकराच्या शब्दावर मी स्वतः नाचले होते. बर्मीत तो लिहितात 'वक्', पण बोलताना शेवटचा क् गळ्यातच राहतो. आणि पीने तो चक्क पुरा म्हटला, 'वॉक्'. बर्मीने मागे टाकलेला, एक हजार वर्षांपूर्वीचा उच्चार ताडपत्रीखाली बसलेली म्हातारी सहज बोलून गेली, असं मला झालं. तिला माझा आनंद कळला नाही आणि मला तिची लग्नाची गोष्ट ऐकायची नव्हती. मी म्हटलं, "पी, फक्त शब्द." आणि यंत्र थांबवलं. पुढे पुढे माझं बोट बटणाकडे गेलं की तीच गप्प व्हायची.

रोज संध्याकाळी मी कापाकापी करायची. मधला उच्चार ठेवायचा. खोकला, कोंबडे, हसणं, पहिला आणि तिसरा उच्चार, सगळं काढून टाकायचं. कच्चं रेकॉर्डिंग पुसू नये, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही शिकवतात. मीच शिकवते. पण तिथे माझ्याकडे दोनच कार्डं होती, संगणक भरत आलेला होता, वीज कधी असायची कधी नसायची, आणि मला घाई होती. मला नेहमीच घाई असते. मी पुसत गेले. माझ्या त्या स्वच्छ फायलींचं परिषदेत कौतुकही झालं होतं.

त्या संध्याकाळी मेंढरं वाड्यात घातली आणि मी संगणक उघडून बसले. पीचे सगळे शब्द ओळीने ऐकले. एकेक शब्द, मधला, सरळ, शांत. नाक. पाणी. वाट. ये. जेव. त्यात पी कुठेच नव्हती. आबा खाटेवरून बघत होते. बापाला काय सांगणार, दोन हिवाळे एका म्हातारीसमोर बसले आणि तिला बोलू दिलं नाही म्हणून?

दुसऱ्या दिवशी मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी शब्द जोडले. नातवंड, ये, भात, जेव. चार शब्द एकापुढे एक ठेवले, मधल्या फटी कमी केल्या, आवाज सारखा केला. माझ्या धंद्यात हे पोरखेळाचं काम आहे. ऐकलं. शब्द चारही पीचेच होते, पण वाक्य तिने कधी म्हटलेलं नव्हतं, आणि ते ऐकताच कळत होतं. परक्याला कदाचित कळलं नसतं. नातीला कळलं असतं. तरी ते मी दिवसभर फोनमध्ये घेऊन हिंडले, खडकावर चढून दोनदा पाठवायला काढलं, आणि मग पुसून टाकलं. या वेळी पुसलं ते बरोबर पुसलं.

मग शोध सुरू झाला. पुण्याच्या मैत्रिणीला माझं कपाट उघडायला लावलं. तिने सगळे डबे उपसले, काही निघालं नाही. जुन्या पेटीतल्या वह्या मायने काढून दिल्या. मेंढरं खाली चरतायत आणि मी खडकावर वह्यांची पानं उलटतेय, असे तीन दिवस गेले. रोज काय रेकॉर्ड केलं याची नोंद वहीत असायची. शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर माझ्याच घाईच्या अक्षरात सापडलं: "शेवटचा दिवस. कोंबडे. विषय सोडून बोलणं. फाइल निरुपयोगी."

निरुपयोगी म्हणजे मी ती कापली नव्हती. कापली नव्हती म्हणजे ती कार्डात तशीच राहिली होती. मी उठून उभी राहिले आणि परत बसले, कारण ते कार्ड कुठे गेलं ते मला त्याच क्षणी आठवलं. त्या हिवाळ्यानंतर मी घरी आले होते तेव्हा आबांना गाण्याचा खोका आणला होता. मेंढके गळ्यात अडकवून हिंडतात तो, मोठ्या आवाजाचा. त्याला चिप हवी होती. मी माझं कार्ड काढून दिलं आणि म्हटलं, यात काही नाही, दुकानातून ओव्या भरून घ्या.

मेंढरं एक दिवस मायच्या हवाली केली आणि धारूरला गेले. मोबाइलचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच आहे. दुकानदार ओळखीचा, आबांना मामा म्हणणारा. मी विचारलं, चिपमध्ये गाणी भरताना जुनं काही असलं तर तुम्ही काय करता?

"फॉरमॅट," तो म्हणाला. "आधी सगळं उडवायचं. मग भरायचं. न्हाईतर चिप अडकती."

"सगळ्यांचंच?"

"सगळ्यांचंच. कावून, काय व्हतं त्यात?"

"काही नाही," मी म्हटलं. तो बिचारा म्हणाला, चिप आणा, उडवलेलंही कधी कधी निघतं. पण चिपही नव्हती. आबा पडले तेव्हा गळ्यातला खोका घळीत गेला होता. मोडलेल्या पायाचा माणूस आणायचा की खोका? तो कुणी शोधलाही नव्हता.

रविवार पाच दिवसांवर आला होता. नातीचा फोन आला तेव्हा मी खडकावर होते. तिला खरं सांगायचं असं ठरवून मी फोन घेतला. ती दगडाबद्दल बोलत होती, त्यावर काय कोरायचं ते विचारत होती. तेवढ्यात पलीकडच्या डोंगरावरून हाक आली. तो चेष्टा करणारा मेंढका हरवलेली शेळी शोधत होता. लांबलचक, वर चढत जाणारी हाक. मी नातीला म्हटलं, थांब जरा, आणि फोन कानापासून दूर धरला, कुत्र्याला चूप केलं. आमच्यात हे पाळतात. कुणी हरवलेल्या जनावराला हाक घालत असेल तर बाकीच्यांनी गप्प राहायचं. आपली हाक त्यावर घालायची नाही, शीळ नाही, गाणं नाही. जनावराने मालकाचा आवाज ओळखून यायचं असतं, त्याच्या आड कुणी येऊ नये. लहानपणी मी एकदा मध्ये बोलले म्हणून आबांनी धपाटा घातला होता. आयुष्यात त्यांनी मला मारलेलं तेवढंच.

हाक संपली. मी नातीला म्हटलं, "आवाज सापडतोय. शोधतेय." खरं सांगायचं धैर्य झालं नाही. "घाई नाही," ती म्हणाली. तिला घाई होती हे मला माहीत होतं.

त्या दिवशी वस्तीवर आले ती तणतणतच. मायने चहा दिला तर तिच्यावर डाफरले. आबा खाटेवर पाय लांब करून बसले होते. म्हणाले, "आठ दिस झाले बघायलोय. काय हरवलंय तुझं?"

मग मी सगळं सांगितलं. पी, तिची नात, दगड, मधला उच्चार, पुसलेल्या फायली, वहीतली नोंद, चिप, दुकान. सांगताना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. आबा ऐकत होते. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "त्या म्हातारीचं म्हणतीस व्हय?"

"कुठल्या म्हातारीचं?"

"चिपमधल्या. ती कुटं उडविली? म्या उडवू दिली न्हाई."

आबा सांगत होते. दुकानदार चिप पुसायला निघाला तेव्हा त्यांनी म्हटलं, आधी लावून दाखव, माझ्या पोरीचं काय राहिलं असंल तर. त्याने लावलं. म्हातारीचा आवाज आला. आबांनी पूर्ण ऐकलं, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना. मग म्हणाले, ही राहू दे. तो म्हणाला, मामा, ह्यात काय हाय, कोणची भाषा हाय ही? आबा म्हणाले, काय बी असू दे, राहू दे. त्याने चिपेवरून ती फाइल आपल्या संगणकात घेतली, चिप पुसली, ओव्या भरल्या आणि शेवटी म्हातारी परत ठेवली. हे सगळं तो दुकानदार विसरून गेला होता. त्याच्याकडे रोज शंभर चिपा येतात, त्याचा काय दोष.

"दोन वरसं ऐकायलोय की तिला," आबा म्हणाले. "ओव्या सरल्या की ती येती."

"मला कधी सांगितलं नाही तुमी."

"तू कवा इचारलंस?"

खोका कुठे पडला ते त्यांनी नीट सांगितलं. घसरले ती पांढऱ्या मातीची उतरण, तिच्या खाली घायपाताचं बेट, त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे. मी दुसऱ्या दिवशी मेंढरं तिकडेच घातली. दिवसभर घळीत उतरले आणि चढले. घायपाताच्या काट्यांनी हात फाटले. काही मिळालं नाही. मेंढरं मात्र पोटभर चरली. त्या दिवशी रात्रीच्या भाकरीला मी बसलेच नाही. माय बोलत राहिली.

तिसऱ्या दिवशी खोका सापडला. घायपातात नाही, त्याच्याही खाली, बोरीच्या बुंध्याशी. अर्धा फुटलेला, वर माती बसलेली. मागचं झाकण उचकटलं तर चिप जागेवर. दुपारचा एक वाजला होता. चिप ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि मग कळलं की आता काहीच करता येत नाही. संगणक घरी. मेंढरं ऊन कलल्याशिवाय माघारी फिरत नाहीत, आणि फिरवली तर अर्धपोटी राहतात. चार तास. मी ती गाठ सोडून चिप बघितली, परत बांधली, परत सोडली. शेवटी हरवेल म्हणून दातात धरून बसले. त्या चार तासांत मी अख्ख्या आयुष्याएवढी राखण केली असेन.

दिवस मावळायच्या आत घरी पोचले. चिप ओढणीला कोरडी करून संगणकात घातली. ओव्यांची रांग, आणि सगळ्यात शेवटी एक फाइल, नाव म्हणून नुसते आकडे. मी लावली. आबांच्या खाटेजवळ जमिनीवरच बसले होते. माय चुलीपाशी.

कोंबडा. मग माझा आवाज, मिठाचा शब्द परत एकदा विचारणारा. पी म्हणते, "मीठ." परत म्हणते, "मीठ." तिसऱ्यांदा म्हणतच नाही. त्याऐवजी बोलू लागते: "मीठ मी दगडावर ठेवून आले. निघाले तेव्हा..." आणि माझा आवाज, चिडका: "पी, फक्त शब्द."

"ही बाई लई खेकसती तिच्यावर," आबा म्हणाले.

"ती मी आहे, आबा."

"ते कळलं व्हतं मला."

पुढे खुर्ची सरकल्याचा आवाज होता. मला ती सकाळ आठवली. शेवटचा दिवस, बाहेर जीप हॉर्न देत होती, मी वैतागून उठून बाहेर गेले होते आणि यंत्र बंद करायचं विसरले होते. पी आत एकटीच होती. तिला वाटलं असेल, यंत्र बंद आहे. किंवा कळलं असेल की चालू आहे, कोण जाणे.

ती बोलत राहिली होती. हळू, न थांबता, मधे खोकत. तिच्या मिथुनाबद्दल. मिथुन म्हणजे गव्यासारखं जनावर, अर्धं पाळीव, अर्धं रानटी. तिकडे ते दावणीला बांधत नाहीत, रानात सोडतात, आणि हाक घालून मीठ चाटायला बोलावतात. निघाले तेव्हा तो रानात होता, पी सांगत होती. थांबायला वेळ नव्हता. मी नेहमीच्या दगडावर मीठ ठेवलं. पण हाक घातली नाही, गोळी घालणारे ऐकतील म्हणून. तो हाकेशिवाय येत नाही. मीठ पावसात गेलं असेल. मग ती जराशी हसली. मग थोडा वेळ काहीच नाही, नुसता कोंबडा.

आणि मग पीने हाक घातली. शब्द नव्हताच तो. खालून सुरू होऊन वर वर जाणारा, टोकाला थरथरून तुटणारा आवाज. म्हातारीच्या अंगात एवढा आवाज असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. एकदा घातली. थांबली. ऐकत असावी. परत घातली. परत थांबली. तिसऱ्यांदा घातली.

घरात कुणी हललं नाही. मायच्या हातात भाकरी तशीच होती, तव्यावरची करपत होती. बाहेर कुत्रं भुंकू लागलं तसं आबांनी नुसता हात वर केला. हाक संपेपर्यंत आम्ही तिघंही गप्प राहिलो. माझं मला उशिरा कळलं की आम्ही गप्प का आहोत.

"बाकीचं काय कळत न्हाई मला," आबा म्हणाले. "पर एवढं कळतंय. बाई जनावर हुडकायली. तिला मधीच कसं उडवायचं?"

मिठापासून सगळं मी त्यांना मराठीत सांगितलं, अगदी गोळी घालणाऱ्यांपर्यंत. दोन वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. त्यांना जेवढं हवं होतं तेवढं कळलं होतं.

सकाळी टेकाडावर चढले आणि फाइल पाठवली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक खोकलाही न कापता. माझ्या खेकसण्यासकट. ते कापावं असं वाटलं होतं. दोन काड्यांवर ती जायला सकाळ गेली. मी खडकावरून हलले नाही. मेंढरं आपली आपण चरत होती. बसवत नाही हा माझा रोग त्या एका सकाळी कुठे गेला होता कुणास ठाऊक.

रविवारनंतर दोन दिवसांनी नातीचं लिहिलेलं आलं. दगड उभा केला. जेवणाआधी आवाज लावला. "तुम्ही ओरडता तिथे सगळे हसले. आजी तुमची अगदी अशीच नक्कल करून दाखवायची. मग हाक आली, तेव्हा आमच्या गावचे सगळे उठून उभे राहिले. ज्यांनी मागे जनावरं सोडली ते रडले." खाली तिने लिहिलं होतं की आजीची हाक आता ती रोज लावते, आणि तशी घालून बघते. अजून टोकाला जमत नाही.

घरी येऊन मी ते आबांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मी नवा खोका आणला होता. चिप त्यात घालायच्या आधी पीची फाइल माझ्याकडे नीट ठेवून घेतली, दोन ठिकाणी, आणि म्हटलं, आता चिपेवरची काढते, जागा होईल, अजून ओव्या बसतील.

आबांनी डोळे उघडले.

"आलं का तिचं जनावर?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, आबा. कुणी माघारी गेलंच न्हाई बघायला."

"मंग कावून काढतीस?" ते म्हणाले आणि चिपेसाठी हात पुढे केला.